धाडची बिनक्लचची मोटारसायकल

मी एक जुनी मोटारसायकल आहे, आणि कडूबाच्या छायाला माझ्यावर बसूनच परवाना मिळाला.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. छायाला परवाना मिळालेला नाही, परीक्षा अजून व्हायची आहे, आणि मी तर अजून जपानमधल्या एका कारखान्यात सुट्ट्या भागांच्या रूपात पडून आहे. तिथूनच सुरू करू.

कारखान्यात माझ्या शेजारच्या रांगेत ज्या मोटारसायकली तयार होत होत्या, त्या सगळ्यांना डाव्या मुठीपुढे एक क्लच बसवला जात होता. साधी मोटारसायकल त्याच्याशिवाय जागची हलत नाही. डाव्या हातानं क्लच दाबायचा, पायानं गिअर टाकायचा, मग क्लच हळू सोडायचा. माझी पाळी आली तेव्हा क्लच बसवला नाही. मला वाटलं, विसरले. नंतर कळलं की मुद्दामच बसवला नव्हता. माझ्या पोटात त्याचं काम तेल करतं. दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरायला लागतो. माझ्यात तसंच आहे, फक्त वाऱ्याच्या जागी तेल आहे. चालवणाऱ्यानं डाव्या पायाशी असलेला दांडा दाबून एकदा गिअर टाकायचा, उजवी मूठ पिळायची आणि जायचं. गिअर दोनच आहेत. एक चढासाठी आणि एक बाकी सगळ्या आयुष्यासाठी.

डाव्या हातानं काय करायचं, हे कारखान्यानं कुठेही लिहिलेलं नाही.

माझा पहिला मालक कुवेतमधला एक शेठ होता. त्याच्याकडे धाड गावचा सईद स्वयंपाकी होता. शेठला बिर्याणीचा कंटाळा येत नसे, गाड्यांचा येई. सईद कायमचा गावी निघाला तेव्हा शेठनं त्याला मी देऊन टाकली. मी जहाजातून मुंबईला आले आणि तिथून ट्रकमध्ये सिमेंटच्या पोत्यांवर आडवी पडून धाडला आले. माझी कागदपत्रं पूर्ण आहेत. कोणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते.

धाडमध्ये मला सगळ्यात आधी सईदचा दोस्त कडूबा यानं पाहिलं. त्यानं माझ्याभोवती एक फेरी मारली, डावी मूठ चाचपली आणि कपाळाला हात लावला.

"सईद्या, तुले फसवलं बे. क्लच काढून घेतला ना त्या लोकायनं!"

"अबे, हिले क्लच नसतेच."

"बिनक्लचची गाडी असते का कुठी? उद्या म्हणशील, हिले चाकंबी नाहीत."

"बसून तर पाह्य."

कडूबा बसला. इथे तुम्हाला माझा एक स्वभाव सांगायला हवा. इंजिन चालू असलं आणि गिअर टाकलेला असला की मी ब्रेक सोडल्याबरोबर हळूहळू पुढे सरकते. मूठ पिळावी लागत नाही. हा माझा दोष नाही, तेलाचा गुण आहे. कडूबा आठवडी बाजारात गुलाबरावच्या हॉटेलसमोर माझ्यावर बसूनच थांबला, एक पाय टेकवला, दुसरा ब्रेकवर ठेवला आणि कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत या विषयावर बोलू लागला. विषय मोठा असल्यानं ब्रेकवरचा पाय कधी उचलला गेला, ते त्याला समजलं नाही. मी निघाले.

आधी कडूबाची मान वळली. मग कंबर वळली. गुलाबराव हातात गाळणी घेऊन आवाज चढवत होता. टमाट्यांची रांग संपली तोवर दोघं ओरडून बोलत होते.

"हाव, पण तू चालला कुठी?" गुलाबराव ओरडला.

"मी कुठी चाललो? मी उभाच आहे!"

तो हे म्हणत असताना मी तानुबाईच्या मेथीच्या ढिगापाशी पोचले. तानुबाई हललीच नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "कडूबा, भाजी पायजे असंन त तोंडानं माग. गाडी काऊन घालतो अंगावर?" कडूबानं लाजून इतकी मेथी घेतली की त्याच्या घरी पुढे बरेच दिवस दुसरी भाजी झाली नाही. गुलाबरावचा मात्र समज झाला की कडूबा रागावून गेला, आणि तो त्याची समजूत काढायला घरी गेला. त्यालाही मेथी मिळाली.

सरकण्याच्या या गुणामुळे मला वरातीची कामं मिळू लागली. बँडमागून पावलापावलानं जाताना बाकीच्या गाड्यांचे क्लच जळतात आणि नवरदेवाच्या फेट्याला वास लागतो. मी मात्र बैलाच्या चालीनं कितीही वेळ जाऊ शकते. सईद उजव्या हातानं मला सांभाळी आणि रिकाम्या डाव्या हातानं दोन्ही बाजूंच्या ओळखीच्या लोकांना सलाम करी. मागे बसलेल्या नवरदेवापेक्षा त्याच्याकडेच जास्त लोक बघत. धाड आणि आसपासच्या गावांतले कितीतरी नवरदेव मी मांडवापर्यंत पोचवले. त्यातल्या एकानंही पुढे ओळख ठेवली नाही.

जुम्म्याचं काम वेगळं होतं. शुक्रवारची नमाज आणि जेवण झालं की सईद नूरजहांला, म्हणजे त्याच्या बायकोला, मागे बसवून नदीच्या पुलापर्यंत घेऊन जाई. पुलावर दोघं उतरून कठड्याशी उभे राहत. सईद म्हणे, "पाणी कमी आहे." नूरजहां म्हणे, "है तो." मग परत निघत. पावसाळ्यात फक्त 'कमी'च्या जागी 'जास्त' येई. मी त्या पुलावर पुष्कळ वेळ उभी राहिले आहे, पण त्यांनी दुसरं काही बोललेलं मला आठवत नाही. तरी एकही शुक्रवार चुकला नाही.

मग सईद वारला. मला पडवीत लावलं आणि वर ताडपत्री टाकली.

त्याचा मुलगा अकील हा मेकॅनिक आहे. बसस्टँडजवळ त्याचं गॅरेज आहे. तुम्हाला वाटेल की मेकॅनिकच्या घरी गाडीची चैन असेल. तसं नसतं. हलवायाची मुलं पेढे खात नाहीत. अकील म्हणे, "अम्मी, हिचे पार्ट कुठे भेटत नाहीत. धाडमधे कोणाले हिचं तेलबी माहीत नाही." तरी नूरजहांच्या धाकानं तो दर शुक्रवारी मला सुरू करी. ती मला फडक्यानं पुसे, इंजिनाचा आवाज ऐके, आणि म्हणे, "बस, बंद कर." पुलाचा विषय दोघंही काढत नसत.

एकदा मे महिन्यात जुन्या गाड्यांचे एक शौकीन चामड्याचं जाकीट घालून मला बघायला आले. त्यांनी ताडपत्री उचलली आणि मला 'दुर्मीळ' म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला तो आवडला. ते माझ्यावर बसले, निघाले, आणि गुलाबरावच्या हॉटेलसमोर थांबायची वेळ आली तेव्हा त्यांनी सवयीनं डाव्या हाताची चारही बोटं क्लचवर आवळली. तिथे क्लच नव्हता, हवा होती. हवा आवळून मी थांबत नाही. नालीतून बाहेर आल्यावर त्यांनी तो शब्द परत वापरला नाही.

त्यानंतर एका कोंबडीनं माझ्या सीटवर अंडी द्यायला सुरुवात केली. जागा कोरडी होती आणि कोणी येत नव्हतं. तिची निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

मित्रांनो, आता थोडं कापसाविषयी. बीटीचं बियाणं आलं तेव्हा धाडच्या शिवारात पहिली काही वर्षं मजेत गेली. बोंडं निरोगी निघाली, फवारण्या कमी झाल्या, कडूबानं घराचे पत्रे बदलले. पाकिटावर लिहिलं होतं की अळी येणार नाही. पुढे गुलाबी बोंडअळी आली. तिला वाचता येत नव्हतं. ही अळी बाहेरून दिसत नाही. बोंड छान टपोरं दिसतं, आणि फोडलं की आत किडका कापूस आणि ती. ज्या वर्षी ती सगळ्यात जास्त आली, त्या वर्षी लोकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, जनावरं सोडली. कडूबानंही सोडली. बैल दोन दिवस खाऊन कंटाळले.

कडूबाची मुलगी छाया त्याआधीपासून हंगामात जिनिंगमध्ये कामाला जात होती. सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रात अडकलेला कापूस काढताना तिच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. हात बरा झाला, पण नंतर कुठल्याही जिनिंगनं तिला घेतलं नाही. वेचणीलाही बोलावणं येईना. एका हातानं ती बाकीच्यांइतकाच कापूस वेची, पण लोक तिच्या हाताकडे बघत आणि म्हणत, "राहू दे माय, तू आराम कर." आराम करून छाया थकून गेली होती.

मग अळीनंच काम आणलं. शेतकऱ्यांच्या एका संस्थेनं पुढच्या हंगामात शेताशेतात कामगंध सापळे लावायचं ठरवलं. सापळा म्हणजे काठीला टांगलेलं एक नरसाळं आणि खाली पिशवी. वर मादी पतंगाच्या वासाची गोळी असते. नर पतंग स्थळ बघायला येतात आणि पिशवीत पडतात. कोणीतरी गावोगाव फिरून पतंग किती पडले ते बघायचं. जास्त दिसले तर शेतकऱ्यांना वेळेवर सावध करायचं. हे काम छायानं मागितलं. संस्थेनं तिच्या हाताकडे पाहिलं नाही. फक्त दोन अटी घातल्या. दुचाकी पाहिजे आणि परवाना पाहिजे. पऱ्हाटीला फुलं लागायच्या आत दोन्ही झालं नाही, तर काम गावातल्या बेबीताईच्या मुलाला, शेखरला, जाणार होतं. शेखरकडे दुचाकी होती, परवाना होता, आणि दोन्ही हात होते. तो वाईट मुलगा नव्हता. फक्त रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, "छाया, होते का तुझं? नाई त मी मोकळाच आहे."

छायानं आधी शेजारणीची स्कूटी चालवून पाहिली. स्कूटीला क्लच नसतो, पण मागचा ब्रेक डाव्या हातात असतो. पावसानं चिखल झालेल्या काळ्या मातीत नुसता पुढचा ब्रेक दाबल्यावर जे होतं ते झालं. स्कूटी बांधाच्या अलीकडे राहिली आणि छाया पलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी ती नूरजहांकडे अंडी घ्यायला आली. नूरजहांनं ताडपत्री वर केली, कोंबडीखालून अंडी काढली. छाया अंडी घ्यायची सोडून माझ्याकडे बघत राहिली.

"चाची, हिले क्लच नाही म्हणतेत. खरं का?"

"नहीं बेटा, पहिल्यापासून नाही."

"आन् मागचा ब्रेक?"

"पायात."

"मंग डाव्या हाताचं काम काय?"

नूरजहां म्हणाली, "तेरे चाचा सलाम करते थे."

छायानं आपला डावा हात वर करून पाहिला. "तेवढं जमते मले," ती म्हणाली.

मला द्यायला नूरजहां तयार झाली. एकच अट घातली. जुम्म्याला तिला मागे बसवून पुलापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. अकीलनं कोंबडी उठवली. त्यानं माझं जुनं तेल काढलं, त्याचा वास घेतला आणि बराच वेळ आपल्या बापाविषयी बोलत राहिला. तेल कुठून तरी मागवलं. बोंडअळीनं गावाची इतकी कामं बंद पाडली होती की त्याला वेळच वेळ होता.

शिकवण्याचं काम कडूबानं घेतलं, कारण त्यानं मला एकदा चालवलं होतं. शिवाररस्त्यावर छाया माझ्यावर आणि कडूबा बाजूनं पळत, असं शिक्षण सुरू झालं.

"क्लच दाब! छाये, क्लच दाब!"

"बाबा, क्लच नाही ना हिले!"

"मले माहीत आहे! पण दाब!"

छाया पटकन शिकली. विसरायला तिच्याकडे काही नव्हतं. क्लचची सवय असलेल्यांना मी अवघड जाते. तिला क्लच कधी माहीतच नव्हता. डाव्या तळव्यानं ती मूठ दाबून धरी, अंगठ्यानं हॉर्न वाजवी. अंगठ्याला दुसरं काही काम नसल्यानं हॉर्न खूप वाजे.

परवान्याचं शिबीर सरकारी गेस्ट हाऊसच्या मैदानावर भरायचं. शिबिराच्या आदल्या दिवशी अकीलच्या डोक्यात एक विचार आला, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट विचार होता. त्याला वाटलं की परीक्षा घेणारे आरटीओचे साहेब क्लच नसलेली गाडी बघतील आणि गाडी मोडकी आहे म्हणून परत पाठवतील. म्हणून त्यानं भंगारातल्या एका गाडीचा क्लच काढला आणि मला बसवला. त्याची तार दिव्यामागे नेली आणि तिथे गाठ मारून टाकली. क्लच कशालाच जोडलेला नव्हता. तो दिसायला फार सुंदर होता. सगळ्यांनी वाखाणला. कडूबा म्हणाला, "आता गाडीवानी गाडी दिसून राह्यली."

शिबिरात चुन्याच्या फक्कीनं आठाचा आकडा आखला होता. छायानं मला त्याच्यावरून रेष न मोडता फिरवलं. साहेब चष्म्यातून बघत होते. ते शांत, नीटनेटके गृहस्थ होते आणि सकाळपासून त्यांनी बऱ्याच लोकांना पडताना पाहिलं होतं.

"छान," ते म्हणाले. "आता थांबा, क्लच दाबून गिअर टाका आणि परत निघा."

छायानं त्या सुंदर क्लचकडे पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, क्लच दाबता येत नाही मले." आणि हात दाखवला.

"ताई, मग तुम्ही आता कशी चालवली?"

अकील पुढे झाला. "साहेब, तो क्लच कशालेच जोडला नाही. दाबला काय, नाही दाबला काय, सारखंच."

"मग बसवला कशाला?"

"तुमच्यासाठी, साहेब. तुम्हाले बरं वाटावं म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले नाहीत. त्यांनी नियम समजावून सांगितला. परवाने दोन प्रकारचे असतात. गिअरच्या दुचाकीचा आणि बिनगिअरच्या दुचाकीचा. गाडीला क्लच असेल तर तो दाबून दाखवावाच लागतो. "मी गाडीवर जे दिसतं तेच बघतो," ते म्हणाले. "आता मला क्लच दिसतोय. पुढच्या शिबिराला या. त्याआधी या गाडीचं एक काहीतरी ठरवा."

त्या दिवशी परत येताना हॉर्न एकदाही वाजला नाही. संध्याकाळी शेखर आला, दारातूनच त्यानं चेहरे पाहिले आणि काही न विचारता परत गेला. शिवारात पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली होती. पाती, म्हणजे कळ्या, लागत होती. पातीनंतर फूल येतं, आणि फुलाला शिबिराची तारीख कळवायची सोय नाही.

पुढचं शिबीर शुक्रवारी आलं. जुम्मा असल्यानं नूरजहां म्हणाली, मी येणार. तिला जीपमधून नेलं. अकीलनं क्लच काढून टाकला होता. मी पुन्हा कारखान्यातून निघाले होते तशी झाले होते, आणि मला निश्चिंत वाटत होतं.

साहेबांनी डावी मूठ पाहिली. समाधानानं मान हलवली. मग त्यांची नजर खाली गेली.

"हे पायाजवळ काय आहे?"

"गिअरचा दांडा," अकील म्हणाला.

"म्हणजे गिअर आहे."

"हाव साहेब."

"मग क्लच कुठंय?"

"क्लच नाही."

"क्लच नाही तर गिअर कसा?"

कडूबा कौतुकानं म्हणाला, "मीबी हेच म्हणलो होतो, साहेब!"

साहेबांनी पेन उचललं, कागदापर्यंत नेलं आणि थांबवलं. गिअरची म्हणावी तर क्लच दाबून दाखवायची सोय नव्हती. बिनगिअरची म्हणावी तर गिअरचा दांडा समोर होता. "ताई, तुम्ही चालवता चांगलं," ते म्हणाले. "पण या दोन्हींच्या मधलं काही आमच्या संगणकात नाही. मी काय लिहू?"

छाया माझ्यावर बसून होती. मैदानाच्या कुंपणापलीकडे कोणाची तरी पऱ्हाटी होती. तिच्यात कुठे कुठे पिवळं फूल दिसत होतं. छाया तिकडेच बघत होती.

तेव्हा नूरजहां बोलली. "साहेब, वो दांडा निकाल दिया तो?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गेस्ट हाऊसच्या कडुनिंबाकडे पाहिलं. "मी मघाशीच सांगितलं, आजी," ते कडुनिंबाला म्हणाले. "मी दिसतं तेच बघतो."

अकीलनं खिशातून पाना काढला. छायानं मला सुरू केलं, पायानं गिअर टाकला आणि ब्रेक दाबून धरला. अकीलनं दांड्याचा नट ढिला केला आणि दांडा ओढून काढला. आता पायाशी फक्त एक दातेरी खुंटी राहिली. दांडा नूरजहांनं घेतला आणि आपल्या पानसुपारीच्या पिशवीत टाकला.

"आता गाडीला गिअर आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही," कडूबा म्हणाला. "क्लचबी नाही. हिचं अजून काय काय काढायचं ते सांगा साहेब, एकदाच काढून टाकतो."

साहेबांनी छायाला आठ काढायला सांगितला. तो झाला. मग त्यांनी असं काही सांगितलं, ज्याची कोणी तयारी केली नव्हती. "सरळ रेषेवरून चालवत या आणि हातानं वळणाची खूण दाखवा."

खूण उजव्या हातानं दाखवायची असते. उजवा हात सोडला की मी पूर्णपणे डाव्या हातावर येते. कडूबा सूचना द्यायच्या विसरला. हे क्वचित होतं.

छाया रेषेवर आली. तिनं डावा तळवा मुठीवर दाबला, अंगठा खालून आवळला आणि उजवा हात आडवा पसरला. साधी मोटारसायकल असती तर मूठ सुटल्यावर आचके देत बंद पडली असती. माझ्या पोटात तेल फिरत होतं. मी बँडमागून जाते तशी चालू लागले. पुढचं चाक एकदा डावीकडे लवलं. चार बोटांनी ते सहज सावरलं असतं. तिनं खांदा खाली दाबला, सगळा भार त्या तळव्यावर टाकला, आणि मी परत रेषेवर आले. मैदानाच्या टोकापर्यंत तिचा उजवा हात तसाच पसरलेला होता. साहेबांनी "पुरे" म्हटल्यावरही तिनं तो थोडा वेळ खाली घेतला नाही.

साहेबांनी लिहिलं, बिनगिअरची दुचाकी.

कडूबानं साहेबांना नमस्कार केला, मग मला केला, मग चुकून शिबिराच्या शिपायालाही केला. नूरजहां जीपमध्ये बसायला तयार होईना. "आज जुम्मा है," ती म्हणाली. परवाना हातात येईपर्यंत मागे बसता येणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. तो आला त्याच्या पुढच्या शुक्रवारी छायानं तिला पुलावर नेलं. नूरजहां कठड्याशी उभी राहिली. छायाला हा रिवाज माहीत नव्हता, म्हणून ती म्हणाली, "चाची, पाणी किती वाढलं ना!" नूरजहांनं कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं. मग म्हणाली, "है तो."

शिबिरात पास झाल्याचं कळवल्यावर संस्थेनं काम राखून ठेवलं होतं, ते छायाला मिळालं. आता आम्ही रोज शिवारात जातो. परवान्यावर बिनगिअरची दुचाकी लिहिलेलं असल्यानं छाया तो नियम अगदी काटेकोर पाळते. गिअरचा दांडा आणि पाना आता छायाच्या पिशवीत असतात. सकाळी ती दांडा बसवते, मला सुरू करते, गिअर टाकते आणि दांडा काढून पिशवीत ठेवते. सापळ्यापाशी पोचलो की मला बंद करते, पतंग बघते, आणि परत दांडा बसवते, सुरू करते, गिअर टाकते, काढते. शेखर एकदा रस्त्यात भेटला. म्हणाला, "काऊन काढतं वं दरवेळी? इथं शिवारात कोण पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना," छाया म्हणाली.

यावर्षी अळी कमी आहे असं मी म्हणणार नाही. पण कुठे आहे ते लोकांना वेळेवर कळतं. परवा एका शेतात पिशवी पतंगांनी भरलेली निघाली, तेव्हा छायानं बांधावरूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. शेतकरी औताला बैल तसेच सोडून पळत आला. तिनं पिशवी दाखवली. त्यानं पिशवी पाहिली, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि फवाऱ्याचा पंप आणायला घराकडे पळाला. तिच्या हाताकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी गाडी पडून असेल तर तिला आठवड्यातून एकदा सुरू करा. तेल बघत जा. काळं झालं असेल तर बदला. तिच्यात एखादा भाग नाही असं दिसलं, तर तो बसवायच्या आधी तो कशाला पाहिजे ते विचारून घ्या. आणि तिच्यावर कोंबडी बसत असेल तर तिची दुसरीकडे सोय करून मगच उठवा, कारण चूक तिची नसते.

आता फक्त एक अर्ज उरला आहे. तो इथेच देते.

प्रति, संबंधित साहेब. विषय: नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत. महोदय, अर्जदार ही धाड येथील जुनी मोटारसायकल असून तिला जन्मापासून क्लच नाही. चालक छाया यांच्या डाव्या हाताला चार बोटे नाहीत. आपल्या दप्तरी या दोन उणिवा वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेल्या आहेत. वास्तविक ती बोटे फक्त त्या क्लचसाठीच लागली असती आणि तो क्लच फक्त त्या बोटांसाठीच लागला असता. तरी दोन्ही उणिवा एकमेकींतून वजा करून बाकी शून्य दाखवावी, आणि यापुढे आम्हा दोघींमध्ये काहीही कमी नाही असा दाखला, दोघींच्या नावे मिळून एकच, सही-शिक्क्यानिशी मिळावा, ही नम्र विनंती.